घुबडाची झोप न मोडता त्याचा फोटो कसा काढायचा

आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या काठी चिंचेचं एक जुनं झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहते. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे सांगेन.) डिसेंबरात पाचच्या सुमारास तिरपं ऊन ढोलीच्या तोंडावर पडतं आणि दोघांतला एक बाहेर येऊन बसतो. आधी एक डोळा किलकिला होतो, मग दुसरा. एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदमच मागे ताणला जातो. मग सगळं अंग फुलवून तो जोरात झटकतो. नंतर त्याची नजर माझ्यावर येते, क्षणभर थांबते आणि तो पुन्हा डोळे मिटतो.

घुबडाचा फोटो काढायला जाताना मी या क्षणाची वाट बघत असतो. त्याने मला पाहिलं आणि माझ्यापासून काही धोका नाही असं ठरवून तो परत झोपला. त्यानंतर जे फोटो मिळतात त्यात पक्ष्याचं अंग सैल असतं, पिसं नैसर्गिक बसलेली असतात. भर दुपारी डोळे टपोरे करून, अंग काठीसारखं ताठ करून कॅमेऱ्याकडे रोखून बघणाऱ्या घुबडाचा फोटो लोकांना फार आवडतो; पण ते घुबड बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या जातात.

सुरुवात पिंगळ्यापासून

पहिलं वर्षभर फक्त पिंगळ्याचे फोटो काढा. तो जेमतेम २१ सेंटिमीटरचा, साळुंकीपेक्षाही थोडा आखूड, पण अंगाने गुटगुटीत. वड, चिंच, आंबा, शहरातले जुने रेन ट्री, पडक्या वाड्यांच्या भिंती, कुठेही राहतो. माणसांच्या येण्याजाण्याला सरावलेला असतो आणि मुख्य म्हणजे सकाळ-संध्याकाळ उजेड असतानाच बाहेर दिसतो. पहाटे कंदील घेऊन दारी येणारे पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगत. आपल्या लोकांनी या पक्ष्याचं बोलणं किती पूर्वीपासून कान देऊन ऐकलं आहे, ते यातून कळतं.

बाकीच्यांची ओळख हळूहळू होते. गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात, देवळांच्या शिखरांत, आता इमारतींच्या डक्टमध्येही असतं. पण अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही. आमराईत आणि दाट जुन्या झाडीत ठिपकेदार वनघुबड मिळतं, त्याचा थरथरता आवाज रात्री ऐकून अनेकांची घाबरगुंडी उडते. जंगलातल्या पाणवठ्यांवर आणि ओढ्यांवर मत्स्य घुबड दिसतं. ताडोबासारख्या ठिकाणी सफारीच्या गाडीतूनही त्याचे चांगले फोटो मिळतात. हिवाळ्यात पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवर आखूड कानाचं घुबड पाहुणं म्हणून येतं आणि चक्क गवतात जमिनीवर झोपतं. माळावर गाडी आडवीतिडवी घालू नये, त्याचं हे एक कारण. दगडखाणी आणि घळींमधलं शृंगी घुबड हा वेगळाच विषय आहे, त्याकडे नंतर येतो.

पिंगळ्याचा दुर्मीळ भाऊबंद रानपिंगळा, त्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. १८८४नंतर तब्बल ११३ वर्षं त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. आज मेळघाटात तो आहे, तानसाच्या जंगलातही नोंदला गेला आहे. जगभरात तो फक्त मध्य भारताच्या या पट्ट्यात सापडतो आणि संकटग्रस्त आहे. दिवसा वावरतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, म्हणजे फोटोला सोपा. आणि म्हणूनच त्याच्यामागे गर्दी होते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला साध्या पिंगळ्याची अस्वस्थता ओळखता येत नाही, त्याने रानपिंगळ्याच्या वाटेला जाऊ नये. गेलात तर वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्याबरोबरच जा.

जागा कशी सापडते

घुबड शोधताना वर बघण्याआधी खाली बघा. झाडाच्या बुंध्यावर, भिंतीवर किंवा कपारीखाली चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की वर कुणीतरी नेमाने बसतं. त्याखाली ओकारीच्या गोळ्या मिळतात. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेली हाडं, केस, किड्यांची कवचं यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. पिंगळ्याची गोळी बोटाच्या पेराएवढी, बहुतेक वेळा किड्यांच्या चमकत्या तुकड्यांनी भरलेली. गव्हाणी घुबडाची काळपट, अंगठ्याएवढी, आणि फोडली तर आत उंदराची अख्खी कवटी, पिवळट दातांसकट. गोळी ओलसर आणि चकचकीत असेल तर ती ताजी. राखाडी होऊन भुसभुशीत झाली असेल तर पक्षी कदाचित जागा सोडून गेला असेल.

दुसरी खूण कानाने कळते. बुलबुल, कोतवाल, सातभाई आणि खारी एकाच फांदीभोवती जमून कालवा करत असतील तर तिथे साप तरी असतो किंवा घुबड तरी. अशा वेळी धावत जाऊ नका. त्या पक्ष्यांनी त्याला आधीच हैराण केलेलं असतं. जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांतपणे या.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे: शेतकऱ्यांना विचारा. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला घुबड कुठल्या बांधावर बसतं, कुठल्या खांबावरून झेप घेतं हे पाठ असतं. त्याच्या शेतात जायचंच आहे, तेव्हा परवानगीही तिथेच मागून होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की झाडं उघडी पडतात. तेव्हा ढोल्या हेरून ठेवाव्यात.

पहिले आठ-दहा दिवस नुसतं बघा

जागा सापडली की कॅमेरा घरी ठेवायचा. जड वाटेल, पण हे करा. एक साधी वही, दुर्बीण आणि पाण्याची बाटली, एवढंच. रोज त्याच वाटेने या, शक्यतो त्याच रंगाचे मळकट कपडे घाला, त्याच ठिकाणी बसा. पक्षी तुमची वाट आणि बसण्याची जागा ओळखू लागतो.

वहीत काय लिहायचं? पक्षी किती वाजता डोळे उघडतो, किती वाजता बाहेर येतो, पहिली झेप कुठल्या फांदीवर घेतो, तिथून कुठे जातो. ऊन ढोलीच्या तोंडावर किती ते किती असतं. मागे काय आहे: आकाश, पानं की भिंत. माझ्या चिंचेवरच्या जोडीबद्दल सहा दिवसांनी मला कळलं की ढोलीतून निघालेला पिंगळा नेहमी आधी डावीकडच्या वाळलेल्या फांदीवर बसतो, तिथे दोन-तीन मिनिटं पिसं साफ करतो आणि मगच ओढ्यापलीकडच्या बांधाकडे जातो. मग ढोलीवर कॅमेरा रोखायची गरजच राहिली नाही. मी त्या फांदीसमोर, चांगला लांब, बाभळीच्या सावलीत बसू लागलो.

या दिवसांत पक्ष्याची भाषाही कळते. सैल पिसं, अर्धे मिटलेले डोळे, एका पायावर बसणं, पिसं साफ करणं म्हणजे सगळं ठीक. डोळे एकदम मोठे झाले, पिसं अंगाला चिकटली, पिंगळा खालीवर मान डोलवू लागला, शिंगळा घुबड (कानांसारख्या पिसांचं छोटं घुबड) ताठ होऊन वाळक्या खुंटासारखं दिसू लागलं, चोचीची टकटक ऐकू आली, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथल्या तिथे थांबा, दोन मिनिटं वाट बघा. सैल झालं नाही तर आल्या वाटेने मागे व्हा. डोळे मोठे झालेत तोवर दोन फोटो काढून घेऊ, असा विचार करू नका. पक्षी त्याच क्षणी उडायचं की नाही ते ठरवत असतो.

अंतराचा हिशोब

"किती लेन्स लागते?" हा प्रश्न अंतराच्या हिशोबाशिवाय सुटत नाही. ५०० मिमी लेन्सने २० मीटरवरचा २१ सेंटिमीटरचा पिंगळा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात आडव्या चौकटीच्या उंचीचा साधारण पाचवा भाग व्यापतो. क्रॉप (त्याहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात तिसरा भाग. म्हणजे क्रॉप सेन्सरचा साधा कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स असेल तर २० मीटरवरून पिंगळ्याचा भरघोस फोटो मिळतो. शृंगी घुबड अर्ध्या मीटरहून मोठं. तेवढीच लेन्स ५० मीटरवरून लावली तरी ते चौकटीत तेवढंच मोठं दिसतं. यापेक्षा जवळ जायचा मोह होतो, पण गरज नसते.

लेन्स ३०० मिमीचीच असेल तर पक्ष्याला छोटा राहू द्या आणि झाड दाखवा. ढोली, चिंचेची खरबरीत साल, खालचा ओढा आणि त्यात एका कोपऱ्यात पिवळ्या डोळ्यांचा एवढासा जीव. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोत हे कुठलं झाड, कुठला गाव, काहीच कळत नाही. माझ्याकडे मोठी लेन्स आल्यावरही मी दर वेळी असे लांबचे फोटो आधी काढतो.

रस्त्यालगतच्या झाडासाठी चारचाकी सगळ्यात उत्तम आडोसा. इंजिन बंद करा, खिडकीवर बीनबॅग ठेवा (जुन्या पँटच्या पायात तांदूळ किंवा राजमा भरून शिवली तरी चालते), दार उघडू नका. दुचाकीवर असाल तर थेट झाडाखाली ब्रेक मारू नका. पुढे जाऊन उभी करा आणि चालत मागे या. सरळ पक्ष्याच्या दिशेने चालण्यापेक्षा तिरकं, मधे मधे थांबत, त्याच्याकडे टक लावून न बघता गेलेलं त्याला चालतं.

उजेड आणि सेटिंग

आपल्याकडे सूर्य मावळल्यावर कामाचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. पुण्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातनंतर. त्याप्रमाणे तासभर आधी जागेवर बसलेलं असावं. सगळे चांगले फोटो या दीड तासात आणि पहाटेच्या तशाच वेळात मिळतात.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ऑटोवर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं तोंड, लेन्सचं सगळ्यात मोठं, म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३. ऊन असताना शटर १/५०० सेकंद ठेवा. उजेड उतरू लागला की शटरही उतरवा: १/२५०, १/१२५, ट्रायपॉडवर अगदी १/३०सुद्धा. बसलेलं घुबड बराच वेळ दगडासारखं स्थिर असतं, हा आपला मोठा फायदा. पाच-सहा फोटोंची मालिका काढली की त्यातला एक तरी कडक येतो. ट्रायपॉडवर असताना रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. आयएसओ ३२०० किंवा ६४००ला घाबरू नका. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा नीट करता येत नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसवतो तो ढोलीत. मागे काळोख असल्यामुळे कॅमेरा पक्ष्याला जास्त उजळ करतो आणि पिंगळ्याच्या पांढऱ्या भुवया जळून जातात. तिथे एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). गव्हाणी घुबडाचा पांढरा चेहरा अंधाऱ्या भिंतीसमोर असेल तर हेच. उलट फांदीवरचा पक्षी फिकट आकाशासमोर असेल तर १ ते १.७ स्टॉप वाढवा, नाहीतर नुसती काळी आकृती येते.

फोकससाठी छोटा एकच बिंदू घ्या. नव्या कॅमेऱ्यांतलं डोळा ओळखणारं फोकस चांगलं आहे, पण घुबडाचे डोळे नुसत्या रेघा असतात तेव्हा ते सालीवर किंवा पुढच्या काटकीवर जाऊन बसतं. अशा वेळी चेहऱ्याच्या तबकडीच्या, म्हणजे डोळ्यांभोवतीच्या पिसांच्या गोलाच्या, कडेवर बिंदू धरा. फोकसला मदत करणारा लाल दिवा, बीप आणि फ्लॅश घरूनच बंद करून निघा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्याला उत्तम. उडत्या पक्ष्याला मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात, तेव्हा तिथे जपून.

पाठमोरा बसला आहे म्हणून शीळ घालू नका, टाळी वाजवू नका. घुबडाच्या मानेत १४ मणके असतात, आपल्या दुप्पट, आणि ते मान २७० अंशांपर्यंत फिरवू शकतं. थोडं थांबा, चेहरा आपोआप तुमच्याकडे येईल. आणि पाठीवर वळवलेला चेहरा हा घुबडाचा सगळ्यात बोलका फोटो असतो, असं मला वाटतं.

उडतानाचा फोटो हवा असेल तर उडण्याआधीच्या खुणा धरा. अंग झटकणं, पंख ताणणं, कधी गोळी टाकणं, विष्ठा टाकणं, मग पुढे झुकणं. झुकला की बटण दाबायचं, उडाल्यावर उशीर होतो. शटर १/१६००, चौकटीत उडण्याच्या दिशेला मोकळी जागा. शृंगी घुबडाचे पंख संथ हलतात, त्याला १/१०००ही पुरतं.

शृंगी घुबड: समोरच्या काठावरून

जुन्या दगडखाणी, ओढ्यांच्या उभ्या दरडी, घळी ही याची जागा. तिन्हीसांजेला घुमणारा "बुऽ-बूऽ" असा खोल आवाज हिवाळ्यात लांबून ऐकू येतो. शेतातले उंदीर हे याचं मोठं खाद्य, त्यामुळे शेताजवळची खाण त्याला मानवते.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका खाणीच्या वरच्या कडेवरून मी खाली डोकावलो. कपारीत शृंगी घुबड बसलं होतं, माझ्यापासून फार तर सात-आठ मीटरवर. ते उडालं, भर दुपारी दोन वाजता. मिनिटभरात कावळे जमले आणि त्यांनी त्याला खाणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळलं. अर्धा तास ते चाललं. माझ्याकडे त्याचे उडतानाचे अकरा फोटो होते. घरी येऊन मी ते पुसून टाकले. त्यानंतर चार आठवडे ते त्या कपारीत दिसलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: वरच्या कडेवरून कधीही जायचं नाही. घळीच्या समोरच्या काठावर, पन्नास-साठ मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून, झुडपाआड बसायचं. सूर्य मावळायच्या तासभर आधी बसलात तर पक्षी कपारीतून निघून उघड्या दगडावर येतो आणि नारिंगी डोळे उजेडात पेटतात. काठ ठिसूळ असतात, संध्याकाळी घोणस फिरते, उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो. म्हणून दोघांनी जावं, परतताना विजेरी फक्त पायाशी धरावी, आणि जमीनमालकाला सांगून जावं.

घरटं दिसलं तर

मागे फिरा. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतं. उन्हात पालक उठला तर अंडी तापतात, कावळा आणि मुंगूस वाट बघत असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही धरलं आहे. पिल्लं बाहेर येऊन फांदीवर बसू लागेपर्यंत फोटोची गोष्टच काढू नका. ढोलीसमोरची डहाळी "मध्ये येते" म्हणून तोडू नका. तीच डहाळी शिकऱ्यापासून पिल्लांना झाकते.

मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलावणं अजून सर्रास चालतं. त्या पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा आला. तो शिकार सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. उंदीर बांधून ठेवणं हेही तसलंच. आणि फ्लॅश किंवा झगझगीत विजेरी अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुल्यांवर मारली तर त्याला काही वेळ नीट दिसत नाही; त्या अवस्थेत तो तारेवर, गाडीवर आदळू शकतो. रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात जेवढं मिळेल तेवढं घ्या.

फोटो दाखवताना

आता गावाचं नाव न सांगण्याचं कारण. घुबड लक्ष्मीचं वाहन, म्हणून दिवाळीच्या अमावास्येच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात. नेमकी जागा सांगणारा फोटो म्हणजे त्यांना दिलेला पत्ता. कॅमेरा आणि मोबाइलमधली जागेची नोंद बंद ठेवा, फाइलमधली माहिती पुसून मगच टाका. मागे देवळाचा कळस, पवनचक्की, ओळखीची कमान दिसत असेल तर ती कापा. मी फोटो निदान तीन-चार महिने थांबून टाकतो आणि सोबत फक्त जिल्हा लिहितो. सापळा, पिंजऱ्यातलं घुबड किंवा विक्री दिसली तर स्वतः झटापट न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

गावात मात्र फोटो जरूर दाखवा. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशन या निसर्ग संस्थेने २०१८मध्ये घुबड महोत्सव भरवला, तेव्हा शाळेतल्या पोरांनी घुबडाची चित्रं काढली, मुखवटे केले. ज्या पक्ष्याला घरात अपशकुनी म्हणतात त्याचा चेहरा जवळून पाहिला की मुलांचे प्रश्न बदलतात. माझ्या चिंचेच्या झाडाच्या मालकाला मी मोठा प्रिंट करून दिला, तो त्यांनी ओसरीवर लावलाय. परवा ओढ्याकाठची झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच चिंचेचं नाव यादीतून काढायला लावलं.

आणि एक काम उरतं, ते वहीत लिहून ठेवा. फोटो मिळाल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कॅमेरा न घेता त्याच जागी जाऊन बसा. ऊन ढोलीच्या तोंडावर येईल तेव्हा पिंगळा रोजच्या वेळेला, रोजच्या फांदीवर येतो का, ते बघा. आला तर वेळ लिहा. नाही आला, तर पुढचा महिनाभर त्या झाडाकडे फिरकू नका.